उपाशी माशा

गेल्या महिन्यात होसकोट्याला एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी नवऱ्या मुलाचा मामा बसला होता. इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या हुद्द्यावर, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, आणि बोलणं असं की जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत आधीच तयार आहे. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते असं कळल्यावर ओबट्टूवर, म्हणजे पुरणपोळीवर, तूप वाढून घेत तो मला म्हणाला, "पण मॅडम, इव्होल्यूशन म्हणजे शेवटी एक थिअरीच ना? होताना कुणी पाहिलंय?" मी म्हटलं, "मी पाहिलंय. चामराजपेटेत, आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर आणि वडिलांच्या शिलाईच्या दुकानात." तो हसला आणि पलीकडच्या माणसाशी जमिनीच्या भावाबद्दल बोलायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पायस तसंच टाकून उठले. वयाच्या पन्नाशीनंतर असं पंगतीतून उठू नये, हे मला कळतं. पण थिअरी म्हणजे कट्ट्यावर बसून बांधलेला अंदाज नव्हे. दीडशे वर्षं हजार जणांनी हजार बाजूंनी ठोकून पाहिलं आणि तरी पडलं नाही, असं ते स्पष्टीकरण आहे. त्यातला एक लहानसा ठोका मीही सतराव्या वर्षी मारून पाहिला होता. त्याची हकीकत त्या मामाला ऐकायची नव्हती, म्हणून इथं लिहिते.

आमचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या. दुकानात अण्णा, म्हणजे माझे वडील, सदरे आणि पँटी शिवायचे. आई मला आठवत नाही. मी दोन वर्षांची असताना ती गेली. मला वाढवलं अक्कानं. अक्का अण्णांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, पण अण्णा अक्का म्हणत म्हणून मीही अक्का म्हणायची, आणि गल्लीतले कन्नड, तमिळ, तेलुगू सगळेच अक्का म्हणायचे. सकाळी मला जाग यायची ती दोन आवाजांनी. पुढून अण्णांच्या मशीनच्या पायट्याचा आवाज, आणि मागून अक्काच्या पळीचा. अंघोळ झाली की अक्का पाटावर बसून वाती वळायची. कापसाला दुधाचं बोट लावून मांडीवर एक वळसा दिला की वात तयार. तिच्याकडं बघता बघता मी इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करायची. मग फोडणीचा वास, अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा, हंगाम असेल तर सोललेल्या दाण्यांचं आंबटसर हुळी, नाही तर आमटी-भात, आणि ताकात कालवलेला शेवटचा भात. मार्केटकडं जाणाऱ्या बसचा हॉर्न, मोगरा विकणाऱ्या बाईची हाळी, आणि त्यातून अण्णांची कात्री जाड कापडावर चालली की येणारा कर्र असा आवाज. आजही एखाद्या दुकानात तो आवाज ऐकला की मला भूक लागते.

अक्काचं लग्न चौदाव्या वर्षी झालं आणि एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. त्यानंतर तीन वर्षं ती सासरी राहिली. त्या तीन वर्षांबद्दल तिनं मला एकच गोष्ट सांगितली होती, की सगळ्यांची जेवणं झाल्यावर भांड्यात उरेल ते तिचं, आणि भांड्यात फारसं उरत नसे. अण्णा एकदा भेटायला गेले, बहिणीकडं पाहिलं आणि तशीच तिला घेऊन आले. म्हणूनच असेल, आमच्या घरात कुणी उपाशी राहिलेलं तिला खपत नसे. पोस्टमनला केळं, गायीला पहिली पोळी, परसात मुंग्यांना चिमूटभर रवा. स्वतः मात्र एकादशी, सोमवार, संकष्टी, सगळं कडक करायची. कडक म्हणजे पाण्यावर. मी चिडवायची, "अक्का, तुझ्या उपासानं देव घाबरून वर देईल बघ." ती म्हणायची, "देऊ दे की. तुला जरा कमी बोलायचा वर मागते."

मी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, होते तेव्हा होसकोट्याहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा तिथल्या कारखान्यात सुपरवायझर, माणसं बरी, मागणी काही नाही. त्यांना संक्रांतीपर्यंत होय की नाही ते हवं होतं. मला लग्न नको होतं, मला बीएस्सी करायचं होतं. हा हट्ट माझ्या डोक्यात भरवला होता आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या नीलिमाताईनं. ती पुण्याची. गावातल्या एका संशोधन संस्थेत फळमाशांवर काम करायची. पिकल्या केळ्याभोवती घोंघावतात त्या तिळाएवढ्या माशा. तिचं मराठी आमच्या कानाला निम्मं इंग्रजी वाटायचं आणि आमचं तिला निम्मं कन्नड.

एका दुपारी मी नीलिमाताईचं जाडजूड पुस्तक अण्णांपुढं कटिंगच्या टेबलावर उघडलं. त्यात वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, घोड्याचा पुढचा पाय आणि माणसाचा हात, यांची हाडं ओळीनं काढलेली होती. खांद्यापासून एक हाड, मग दोन, मग मनगटाचे तुकडे, मग बोटं. मी म्हटलं, "बघा, चौघांचा सांगाडा एकच. कारण चौघांचा पूर्वज एक." अण्णांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ पाहिलं, आणि बोटानं रेघ ओढत म्हणाले, "बाहीचा कट एकच आहे खरा. इथं लांबी सोडलीय, इथं आत घेतलंय." माझा आनंद गगनात मावेना. पण अण्णा इतक्या सहज हातात सापडणारे नव्हते. म्हणाले, "पण सुधे, सगळे कपडे एकाच टेलरनं शिवले तरी कट एकच येणार की. पूर्वज कशाला पाहिजे? टेलर एक असला म्हणजे झालं."

त्या वयात मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर न सुचल्याचा राग आला. आज मी वर्गात सांगते की कुठलाही शहाणा टेलर न उडणाऱ्या पक्ष्याला पंख शिवून देणार नाही, की माणसाच्या पाठीच्या टोकाला शेपटीचा उरलेला तुकडा ठेवणार नाही. असली उरलीसुरली शिलाई जुनाच कपडा उसवून नवा करताना राहते. पण त्या दिवशी मी नुसती धुमसत राहिले. अण्णा म्हणाले, "हे बघ, मी चित्रावर कापड कापत नाही, मापावर कापतो. एक प्राणी बदलताना मला डोळ्यांनी दाखव. संक्रांतीपर्यंत. दाखवलंस तर होसकोट्याला नाही म्हणून कळवतो आणि तू तुझं बीएस्सी कर. नाही दाखवलंस तर मग माझं ऐकायचं. सरी? ठरलं?" मी म्हटलं, "सरी." माडीवर जाऊन रडले. नीलिमाताई म्हणाली, "अगं वेडे, हे तर बेस्ट चॅलेंज आहे. माशीची एक पिढी तीन आठवड्यांत होते. आपण त्यांना उपाशी ठेवू."

पद्धत अशी. माशा वाढवायच्या त्या रवा, गूळ आणि चायना ग्रास शिजवून केलेल्या लापशीवर. त्यात बुरशी धरू नये म्हणून आंबूस वासाच्या औषधाचे दोन थेंब. पिढी मोठी झाली की माशांचे दोन गट करायचे. एका गटाला लापशी चालूच. दुसऱ्या गटाला रिकाम्या नळीत टाकायचं, तळाशी फक्त पाण्यात भिजवलेला कापूस, वर कापसाचं बूच. पाणी आहे, अन्न नाही. दोन दिवसांनी ज्या जिवंत राहतील त्या पुढच्या पिढीचे आईबाप. त्यांची पोरं पुन्हा लापशीवर वाढवायची, मोठी झाली की पुन्हा उपास. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, 'उपाशी' आणि 'जेवलेल्या'. नीलिमाताई म्हणाली, सगळं एका जागी ठेवू नको, मुंग्या लागल्या तर सहा महिने वाया जातील. म्हणून असा एक संच स्वयंपाकघराच्या फळीवर आणि तसाच दुसरा दुकानात, अण्णांच्या दोऱ्याच्या रिळांशेजारी.

लापशी शिजवायचं काम अक्कानं आपणहून घेतलं. मी केलेल्या लापशीत गुठळ्या होतात हे तिला बघवेना. रवा मंद भाजून, गुळाचं पाणी गाळून, एका हातानं ढवळत ती अशी लापशी करायची की एकदा दुकानातल्या गिऱ्हाइकानं काय शिरा चाललाय म्हणून विचारलं. "माशांचं जेवण," अण्णा म्हणाले. उपाशी नळ्यांबद्दल मात्र मी अक्काला धड सांगितलं नाही. "त्या पाण्यावर ठेवल्यात," एवढंच म्हटलं. तिनं नळीकडं पाहिलं, तळाशी पडलेल्या मेलेल्या माशांकडं पाहिलं, आणि पळी घासायला लागली.

पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. पहिल्यांदा दुकानातल्या उपाशी नळीत पन्नासातल्या सहा-सात जगायच्या. पाचव्या-सहाव्या पिढीत पंधरा, मग वीस. स्वयंपाकघरातल्यांचं तर विचारूच नका. तिसऱ्या पिढीपासूनच तिथं पन्नासातल्या चाळीस चाळीस जिवंत. मी नाचले. कॉलेजातल्या मूर्ती सरांना दाखवायला वही घेऊन गेले. मूर्ती सर आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. त्यांनी माझा प्रयोग जानेवारीतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी पक्का केला, वर्गात मला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मी हवेत होते. एकदा अक्का म्हणालीसुद्धा, "तुझ्या त्या माशा दुकानात कशा आहेत गं? स्वल्प त्यांना पण इकडंच आण की." मी म्हटलं, "नको, तिकडंच राहू देत." त्या बोलण्यात काय होतं ते मला कळायला हवं होतं.

शेवटची परीक्षा संक्रांतीच्या आधीच्या रविवारी. दोन्ही संचांतल्या, उपाशी आणि जेवलेल्या, चारही वंशांच्या ताज्या माशा घेतल्या. जन्मापासून लापशीवर पोसलेल्या, एकीनंही कधी उपास न पाहिलेल्या. त्या चार नळ्यांत फक्त पाण्यावर ठेवून कटिंगच्या टेबलावर ओळीनं मांडल्या, कारण अण्णांना स्वतः बघायचं होतं. दुकानाचं दार उघडं असलं की अक्का पुढं यायची नाही, आणि रात्री तिथं अण्णा निजायचे. गिऱ्हाइकांसमोर बसायचं नाही हा तिचा जुना नेम. सोमवारी संध्याकाळी जेवलेल्यांच्या दोन्ही नळ्या जवळजवळ संपल्या. मंगळवारी सकाळी दुकानातल्या उपाशी वंशाच्या निम्म्याहून जास्त माशा काचेवर टुणटुण चढत होत्या. अण्णा गळ्यात टेप तसाच ठेवून स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, "अक्काला जशी उपासाची सवय झालीय, तशी ह्यांना झाली."

"नाही अण्णा," मी म्हटलं, "ह्यांनी उपास केलाच नाही कधी! ह्यांच्या आज्या-पणज्यांनी केला. ज्यांना झेपलं नाही त्यांची पोरंच झाली नाहीत. झेपणाऱ्यांची झाली, ती त्यांच्यावर गेली. सवय कुणालाच लागली नाही, वंशच बदलला."

अण्णांनी नळी हातात घेऊन उजेडात धरली. मग त्यांनी चौथ्या नळीकडं बोट केलं. "आणि ही?" ती स्वयंपाकघरातल्या उपाशी वंशाची नळी, कालपासून मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. माझा अभिमान, पन्नासातल्या चाळीस जगणाऱ्या. त्या सगळ्या सोमवारी संध्याकाळीच मेल्या होत्या, जेवलेल्यांच्या बरोबरीनं. एकही उरली नव्हती.

एक संच हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. अण्णा म्हणाले, "दोन मापं घेतली आणि दोन वेगळी आली, तर कापड कापायचं नसतं. आधी कुठं चुकलं ते शोध." आणि संक्रांत पाच दिवसांवर.

बुधवारी मी मूर्ती सरांकडं गेले. मला वाटलं, ते काही सुचवतील, कुठं चूक झाली असेल ते विचारतील. त्यांनी वही चाळली आणि हसले. "जास्ती तले केडिस्कोबेडा," फार डोकं पिकवू नकोस, असं म्हणून कन्नडमध्ये पुढं म्हणाले, "काय यायला पाहिजे ते पुस्तकात दिलंय ना? स्वयंपाकघराच्या रकान्यात दुकानाचे आकडे थोडे कमी-जास्त करून टाक. दोन संच जुळलेले दिसले की परीक्षकांवर छाप पडते."

हा माणूस उत्क्रांती न मानणारा नव्हता. मानणाराच होता, शिकवणारा होता! न मानणाऱ्यांशी निदान भांडता तरी येतं. पण पुस्तकात आहे म्हणून आकडे बनवा, असं म्हणणाऱ्याला काय म्हणायचं? पुस्तकात आहे म्हणून मानायचं तर मग पोथीत आहे म्हणून मानणाऱ्याला हसायचं कशाला? आणि पुस्तकात आहेच तर मी सात महिने हजारो माशा उपाशी मारल्या त्या कशासाठी, तक्त्याला शोभा यावी म्हणून? हे सगळं मी त्यांना म्हणाले असते तर किती बरं झालं असतं. मी नुसतं "नाही सर" म्हटलं आणि घरी आले. आज माझ्या हाताखालची मुलं यायला पाहिजे तेच उत्तर आधी लिहून मग प्रयोग करताना दिसली, की मी त्यांच्या वह्या अक्षरशः फेकते. प्राचार्यांकडं दोनदा तक्रार गेलीय. जाऊ दे.

गुरुवारी कॉलेजला अर्धी सुट्टी होती. मी दुपारी न सांगता घरी आले. प्रदर्शनात दाखवायला म्हणून दोन्ही संचांतल्या माशा मी सकाळीच नव्या नळ्यांत भरून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात आले आणि थांबले. फळीपुढं पाटावर उभी राहून अक्का एका हातानं उपाशी नळीचं बूच किंचित सैल करत होती, आणि दुसऱ्या हातात वाटी. वाटीत गुळाचं पाणी. त्यात बुडवलेली वात तिनं बुचाच्या कडेनं अलगद आत सरकवली. वातीचं टोक आत लोंबलं आणि माशा त्याला येऊन चिकटल्या. अक्का त्यांच्याशी बोलत होती. "खा गं बायांनो, ती यायच्या आत."

फळीखाली मुंग्यांची रांग लागलेली होती. सात महिने मी त्या मुंग्या झटकत होते आणि ज्या नळीत गोड काहीच नाही तिथं मुंग्या का येतात, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी शास्त्रज्ञ व्हायला निघाले होते!

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. पण एक वाक्य लिहिलंच पाहिजे, नाही तर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. मी ओरडले, "ज्यांना जगता येत नाही त्यांनी मरायचंच असतं! तोच नियम आहे! तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला?"

अक्का पाटावरून उतरली. वाटी ओट्यावर ठेवली. म्हणाली, "मी उपास करते तो माझ्या मर्जीनं गं. त्यांना कुणी विचारलं होतं?" आणि मग, पदरानं हात पुसत, "असा नियम असता तर अण्णा मला घेऊन आला नसता."

मी दार आपटून माडीवर गेले. नीलिमाताईला सांगताना रडत होते, शिव्या देत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीतून उठलीच. "सुधा, थांब. त्या माशांना नळी तीच, कापूस तोच, पाणी तेच, दोन दिवस तेच. फक्त भूक नव्हती. आणि त्या बदलल्या नाहीत. तुला कळतंय का? नळीनं नाही, पाण्यानं नाही, भुकेनंच वंश बदलतो, हे तुझ्या आत्यानं सिद्ध करून दिलंय. असा कंट्रोल मला सुचला नसता. जसं झालं तसं लिही." मी शुक्रवारी दिवसभर बसून तक्ता केला. स्वयंपाकघराच्या रकान्यात खरे आकडे, आणि खाली एक ओळ, 'या माशांना तिसऱ्या पिढीपासून चोरून गूळपाणी मिळाले.' तक्ता मूर्ती सरांकडं दिला. अक्काशी मात्र बोलले नाही, फळीवरच्या त्या नळीलाही हात लावला नाही. माझा राग उतरला नव्हता. नीलिमाताईनं मला जिंकवलं होतं, पण अक्कानं मला विचारलं का नाही, हे डोक्यात घण घालत होतं. जेवणाच्या वेळी ताट घेऊन माडीवर जायचे आणि खाली यायचेच नाही.

शनिवारी अण्णा दुकान बंद करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून प्रदर्शनाला आले. मी माझ्या टेबलापाशी गेले आणि भिंतीवर पाहिलं. तक्ता माझा नव्हता. मूर्ती सरांच्या सुरेख वळणदार अक्षरात नवा तक्ता होता, दोन्ही संच जुळलेले, खालची ओळ गायब. वर माझं नाव. मूर्ती सर शेजारी उभे, दोन परीक्षक समोरून येताहेत. मी अण्णांना मराठीत म्हटलं, "हे आकडे खोटे आहेत. मी लिहिलेले नाहीत." अण्णांनी तक्त्याकडं पाहिलं, मूर्ती सरांकडं पाहिलं. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कापडावर खुणा करायचा निळा खडू माझ्या हातात दिला.

मी परीक्षकांसमोर तो रकाना खोडला. खरे आकडे लिहिले. खाली लिहिलं, 'या माशांना माझ्या आत्यानं खाऊ घातलं.' आणि का, कसं, त्यातून काय कळतं, ते सांगायला लागले. पहिल्या वाक्यालाच एक परीक्षक खो खो हसले. सगळा हॉल हसला. दुसरे म्हणाले, "प्रयोगात घरच्या बायकांना येऊ दिलं तर हेच होणार." पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. बक्षीस मातीच्या ज्वालामुखीला मिळालं, त्यातून साबणाचा फेस यायचा. मूर्ती सर परीक्षा होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला आजही त्या हसण्याचा संताप येतो. तिथं उभ्या असलेल्या कुणापेक्षाही अक्कानं त्या माशांना जास्त नीट पाहिलं होतं.

बसमधून परत येताना अण्णा खिडकीशी बसले होते. मार्केटच्या अलीकडं ते म्हणाले, "भूक होती तिथं वंश बदलला. अक्का होती तिथं नाही बदलला. दोन्ही मापं बरोबर होती. होसकोट्याला आजच कार्ड टाकतो." मी त्यांचा हात धरला. ते पुढं म्हणाले, "तू माशा दिवसातून तीनदा मोजत होतीस. अक्का गुरुवारपासून जेवली नाही, ते पाहिलंस का?"

मी नव्हतं पाहिलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. एकादशी नव्हती, संकष्टी नव्हती.

घरी आले तर अक्का पाटावर बसून वाती वळत होती. ओठ सुकलेले, वाती वाकड्या येत होत्या. आपल्या हातून माझं शिक्षण गेलं आणि आता मला होसकोट्याला जावं लागणार, असं तिनं धरलं होतं. अण्णांना ती एवढंच म्हणाली होती, की पोरीचं काय ते ठरू दे, मग जेवीन. मला तिच्या पाया पडायचं होतं, पण ते जमलं नाही. मी चुलीवरचा भात काढला, ताक घातलं, मीठ घातलं, कालवलं, आणि तिच्यासमोर बसून घास तिच्या तोंडापाशी नेला.

तिनं तोंड उघडलं नाही. "होसकोट्याचं काय?"

"नाही म्हणून कळवणार. अण्णा म्हणाले."

"आणि माझ्या त्या माशा?"

मी फळीकडं पाहिलं. नळीत वात अजून लोंबत होती.

"आहेत. सगळ्या जिवंत आहेत."

तेव्हा अक्कानं घास घेतला.